दंतहीन रुग्णाची कवळी : निवड, निगा आणि वैद्याचे कर्तव्य

वृद्ध रुग्ण चिकित्सालयात आला की आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, क्षुधा व मलप्रवृत्ती विचारतो. जिव्हा दाखविण्यासाठी त्याने तोंड उघडलेले असतेच. तरीही दात किती उरले, कवळी आहे काय, असल्यास ती जेवताना तोंडात असते की खिशात, हे बहुधा विचारले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न विचारला जाणारा प्रश्न आहे. अग्निमांद्य, आध्मान, मलावष्टंभ आणि कार्श्य घेऊन येणाऱ्या साठीपुढील रुग्णांत व्याधीचे मूळ पुष्कळदा आमाशयात नसून मुखात असते. तेथे नुसते दीपन-पाचन देऊन भागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे धरणाकाठचे गाव. एका अंगाला भात आणि उसाची शेती व कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर हिंजवडीची संगणकनगरी. अशा परिसरात नातू कंपनीत नोकरीला आणि आजी सकाळी उंबऱ्यावर मिश्री लावीत बसलेली, हे एकाच घरातले चित्र असते. नातवाने हौसेने आजीला कवळी करून दिलेली असते. आजी ती लग्नकार्यापुरती आणि छायाचित्रापुरती घालते. एरवी भाकरी आमटीत किंवा चहात कुस्करून खाते. कारण विचारले तर 'बोचते' एवढेच उत्तर मिळते. पुढे कोणी विचारत नाही, आणि आजीही सांगत नाही. या 'बोचते'मागे चार-पाच निरनिराळी कारणे असू शकतात. त्यांतील काही क्षुल्लक असतात, एखादे प्राणावर बेतणारे असते. ती वेगळी ओळखता येणे हे ग्रामीण वैद्याचे काम आहे; कारण रुग्ण दंतवैद्याकडे वर्षातून एकदाही जात नाही, आपल्याकडे मात्र महिन्यातून दोनदा येतो.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी अस्थींचे पाच प्रकार सांगताना दातांना रुचक अस्थी म्हटले, तर शार्ङ्गधराने दंत हा अस्थिधातूचा उपधातू मानला. अस्थिक्षयाच्या लक्षणांत दंत, केश आणि नख यांचे गळणे येते. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान आणि वार्धक्य हा वाताचा काळ, हे येथे पुन्हा सांगावयास नको. मात्र सुश्रुताच्या मुखरोगगणनेकडे एकवार बारकाईने पाहावे. एकूण ६५ मुखरोगांपैकी दंतमूलाचे १५, आणि प्रत्यक्ष दाताचे ८. दात जातो तो पुष्कळदा आपल्या दोषाने नव्हे, तर ज्या मुळावर तो उभा आहे ते ढासळल्याने, ही जाण या विभागणीत दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बृहत्त्रयीत कवळी घडविण्याची कृती नाही. प्रत्येक आधुनिक साधनाचे मूळ संहितेत दाखविण्याची हौस आपल्या क्षेत्रात आहे; ती या विषयापुरती तरी आवरावी. चरकाच्या रसायनाध्यायात अश्विनीकुमारांनी पूष्णाचे गळालेले दात पूर्ववत केल्याचा उल्लेख येतो, पण ती देववैद्यांची थोरवी आहे, तंत्र नव्हे. आज आपल्या रुग्णांच्या तोंडात असलेली कवळी ही बरीच अलीकडची वस्तू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कठीण केलेल्या रबराचा तळ वापरात आला आणि १९३७ च्या सुमारास त्याची जागा अक्रिलिकने घेतली. गुलाबी रंगाची, हिरडीसारखी दिसणारी जी कवळी आपण पाहतो ती या अक्रिलिकची.

कवळीविषयीची बहुतेक दुःखे एका गोष्टीतून निघतात. दात काढल्यावर, ज्या अस्थीत तो रोवलेला होता ती अस्थी झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज वेगाने होते, पुढे मंद पण आजन्म चालू राहते. दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांत खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली आहे. म्हणजे तोंड वर्षावर्षाने बदलते आणि कवळी मात्र घेतलेल्या मापाचीच राहते. त्यातच वरच्या कवळीला टाळूचा विस्तीर्ण आधार असतो. लाळेच्या पातळ थरामुळे ती तेथे चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालाच्या आकाराची, आधार थोडा, आणि मध्ये सतत हलणारी जिव्हा. त्यामुळे 'वरची छान बसली, खालची उडते' ही तक्रार जवळजवळ प्रत्येक रुग्ण करतो. यात कारागिराचा दोष असेलच असे नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

निवडीसंबंधी

रुग्ण आपल्याला पहिला प्रश्न विचारतो तो 'सगळे दात काढून कवळी बसवू का' असा. एकदाचे सगळे काढले म्हणजे कटकट मिटली, ही समजूत खेड्यात फार रूढ आहे. आमचे उत्तर असते की खालच्या जबड्यातील दोन सुळे जरी भक्कम असतील तरी ते राखण्याची पराकाष्ठा करावी. मूळ जेथे टिकते तेथील अस्थी टिकते आणि कवळीला खुंट मिळतो. चल झालेला, पूय वाहणारा दात ठेवून उपयोग नाही हे खरे. पण हा निर्णय दंतवैद्याने छायाचित्र घेऊन करावयाचा आहे. जालंधर बंधाच्या साहाय्याने दात काढणारे वैद्य महाराष्ट्रात आहेत, आणि नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमात चल दंत काढण्याचा समावेश केला. परंतु दात काढता येणे आणि त्या जागी काय बसवावे हे ठरविता येणे, ही दोन भिन्न कौशल्ये आहेत.

दात काढल्यानंतर साधारणतः सहा ते आठ आठवडे हिरडी भरून येऊ द्यावी आणि मग माप घ्यावे. लगेच बसविण्याची तात्कालिक कवळीही असते. पण हिरडी आकसली की ती सैल पडते व तिला आतून अस्तर द्यावे लागते. हा दुसरा खर्च आधी न सांगितल्यास रुग्ण फसविल्याची भावना घेऊन परततो. योग्य पद्धतीत प्राथमिक ठसा, नेमका ठसा, दोन्ही जबड्यांचे परस्परमाप, मेणातील दात तोंडात लावून पाहणे आणि अंतिम कवळी अशा पाच-सहा फेऱ्या होतात. मेणातले दात लावून पाहण्याच्या दिवशी घरचे एखादे माणूस बरोबर न्यावे, असे आम्ही सांगतो. चेहरा ओळखीचा वाटतो की परका, हे आरशापेक्षा घरचे माणूस अधिक नेमके सांगते.

काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी. ती अक्रिलिकची असते, कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची असते किंवा लवचीक नायलॉनची. धातूची पातळ व टिकाऊ, मात्र महाग. लवचीक कवळीत तारेचे आकडे दिसत नसल्याने तरुण रुग्णांना ती आवडते. पण तिला पुढे अस्तर देणे वा दुरुस्त करणे कठीण जाते. खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवर अडकविलेली कवळी हा आज उत्तम पर्याय मानला जातो. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी पूर्ण दंतहीन खालच्या जबड्यासाठी तिलाच पहिली पसंती दिली. आपल्या बहुतेक रुग्णांच्या ऐपतीबाहेरची असली तरी ती आहे हे त्यांना कळले पाहिजे. शेतजमिनीचे पैसे हाती आलेली घरे या पट्ट्यात थोडी नाहीत.

आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला बसून तासाभरात दात बसवून देणाऱ्यांविषयी मात्र निःसंदिग्ध सांगावे. तोंडातच घट्ट होणारे अक्रिलिक शेजारच्या दातांना तारेने बांधून तेथेच कायमचे डकविले जाते. ते काढता येत नाही, त्याखाली अन्न कुजते, आणि वर्षभरात आधाराचे चांगले दातही हलू लागतात. असा रुग्ण मुखदौर्गंध्याची तक्रार घेऊन आला तर गंडूष देण्यापूर्वी तो डकविलेला तुकडा काढवून घ्यावा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पदवीचे व पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात. तेथे फेऱ्या अधिक लागतात, पण काम काळजीपूर्वक होते. कासारसाईच्या रुग्णाला पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय दूर नाही. केंद्र शासनाच्या २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचाही समावेश आहे, हे बऱ्याच ग्रामसेवकांनाही ठाऊक नसते.

'बोचते' म्हणजे काय

नवी कवळी पहिल्या दोन-तीन दिवसांत एखाद्या ठिकाणी हिरडीला घासते व व्रण होतो. हे स्वाभाविक आहे. दंतवैद्य तो उंचवटा क्षणात घासून देतो. पण रुग्ण जातच नाही. तो घरी कानशीने किंवा काचकागदाने स्वतः घासतो आणि नेमकी नको ती जागा घासली जाते. तपासणीला जाण्याआधी एक दिवस कवळी घालून जावे, म्हणजे व्रणाची जागा दंतवैद्याला दिसते. बहुतेक रुग्ण दुखते म्हणून चार दिवस काढून ठेवतात व मग जातात. तोवर खूण पुसलेली असते.

दुसरे कारण, जुनी झालेली सैल कवळी. ती तोंडात हिंदकळते आणि तिच्या कडेला हिरडीची मऊ घडी वाढते. साधारणतः पाच वर्षांनी कवळीचा पुनर्विचार व्हावा आणि वर्षातून एकदा तपासणी. आमच्याकडे मात्र वीस वर्षे एकच कवळी अभिमानाने वापरणारे रुग्ण येतात, तिचे दात झिजून सपाट झालेले असतात, आणि ते पोटाच्या वाताचे औषध मागतात!

तिसरे कारण मुखशोष. लाळ म्हणजे कवळीचा डिंकच. बोधक कफ क्षीण झाला की कवळी धरत नाही व घासते. मधुमेह, तसेच रक्तदाब, मनोविकार व शीतपित्त यांवरील काही आधुनिक औषधे यांमुळे लाळ कमी होते. म्हणून रुग्णाच्या चालू औषधांची चिठ्ठी पाहावी. सैल कवळी धरून ठेवण्यासाठी चिकटवण्याचे मलम मिळते. पण ते वाईट मापावरचे उत्तर नव्हे. जस्तयुक्त मलम दीर्घकाळ अतिमात्रेत वापरल्याने शरीरातील ताम्र कमी होऊन मज्जातंतूंचे विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

चौथे, टाळूवर कवळीच्या आकाराचीच तांबूस छटा. यात वेदना थोडी, कधी जळजळ. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांत व मधुमेहींत ही फार आढळते. मूळ कारण बहुधा कवळीवर साचलेला थर व त्यातील कँडिडा ही बुरशी. केवळ पित्तशामक प्रतिसारणाने ती हटत नाही, कारण रोगाचे बीज टाळूवर नसून कवळीवर असते. रात्री कवळी काढणे आणि ती स्वच्छ करणे ही येथे निदानपरिवर्जनाची चिकित्सा होय.

पाचवे कारण आम्ही हेतुतः शेवटी घेतले आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांत धूम्रपानापेक्षा मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांचाच भरणा अधिक. दात गेले तरी मिश्री सुटत नाही. ती आता थेट हिरडीला चोळली जाते आणि वर कवळी बसते. अशा स्त्रीच्या गालात, जिभेच्या कडेला वा हिरडीवर व्रण दिसला आणि ती म्हणाली 'कवळी बोचते', तर ते उत्तर स्वीकारून खदिरादि वटी देत राहणे धोक्याचे आहे. आमचा नियम साधा आहे. कवळी पूर्ण बंद करावी, मिश्री बंद करावी, व्रणाचा आकार कागदावर काढून ठेवावा. घासल्याचा व्रण दोन आठवड्यांत भरतो. न भरला, कडा कठीण लागल्या, भोवती पांढरा वा मखमली लाल चट्टा असला, मानेत ग्रंथी हाताला लागली, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तुकडा-तपासणीसाठी पाठवावे. 'आणखी आठ दिवस बघू' हे वाक्य येथे उच्चारू नये. वेदना नाही म्हणूनही निश्चिंत राहू नये. मुखातील अर्बुद आरंभी पुष्कळदा वेदनारहितच असते.

निगा

कवळी दातांप्रमाणे राखावी असे सांगितले की रुग्ण तिला दंतमंजन लावतो. ही चूक आपल्याच उपदेशातून जन्मते. गेरू, मीठ, कोळसा, राखुंडी किंवा कोणतेही खरखरीत चूर्ण अक्रिलिकवर चरे पाडते. त्या चऱ्यांत मळ व बुरशी घर करतात आणि कवळी पूर्वीपेक्षा लवकर घाण होते. मऊ कुंचला, साधा साबण व थंड पाणी पुरते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा ओला पंचा ठेवावा. कवळ्या फुटतात त्या तोंडात कमी आणि मोरीच्या फरशीवर अधिक. उकळते पाणी वापरू नये. तळ वाकतो आणि मग ती कधीच नीट बसत नाही. त्रिफळा, खदिर, बाभूळ यांच्या काढ्यात कवळी बुडवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. कषाय द्रव्यांचा डाग तिच्यावर चढतो आणि शुद्धी काही विशेष होत नाही, म्हणून तो देऊ नये. शुद्धीकरणाच्या गोळ्या वापरल्यास कवळी स्वच्छ धुऊनच तोंडात घालावी.

रात्री कवळी काढावी, धुवावी आणि पाण्यात ठेवावी. कोरडी राहिल्यास तिचे माप बिघडते. कागदात किंवा रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी कचऱ्यात जाते, आणि कुत्र्याने चावून टाकल्याचेही आम्ही पाहिले आहे. झाकणाची डबी असावी. जपानमध्ये ८५ वर्षांपुढील ५२४ वृद्धांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. श्वास-कासाने वारंवार पीडित वृद्धाला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. वारीला निघणाऱ्यांनी कवळीच्या आत आपले नाव घालून घ्यावे. दंतवैद्य ते सहज करून देतो, आणि मुक्कामावर अदलाबदल झालेली कवळी कोणाच्याच कामाची नसते.

कवळी काढली की हिरड्या, टाळू व जिव्हा मऊ ओल्या कापडाने पुसाव्यात. आपली चिकित्सा येथे खरोखर उपयोगी पडते. तिळतेलाचा गंडूष व हिरड्यांना हलके मर्दन यांनी मुखशोषी रुग्णास बरे वाटते. मात्र गंडूष, कवल आणि प्रतिसारण ही तिन्ही कवळी काढूनच करावीत, आणि तोंड कोमट पाण्याने धुऊन मगच ती बसवावी. तेलकट हिरडीवर कवळी घसरते. तिच्याखाली अडकलेले चूर्ण हिरडी सोलते. लवंगतेल कवळीला लावून ती घालण्याचा घरगुती उपाय हिरडी भाजणारा आहे.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांनी याहून एक दक्षता घ्यावी. वमनापूर्वी आणि नस्यापूर्वी रुग्णाच्या तोंडात काढती कवळी नाही याची स्वतः खात्री करावी. आकड्यांची लहान अर्धी कवळी वमनवेगात निसटून श्वासमार्गात वा अन्नमार्गात अडकू शकते, आणि तिचे आकडे तेथे रुततात. लाजेने रुग्ण सांगत नाही. म्हणून चारचौघांत न विचारता पूर्वकर्माच्या वेळी एकांतात विचारावे व तशी नोंद ठेवावी.

आहार

ब्राह्मणग्रंथांत दंतहीन पूष्णाला पिष्टाचा भाग दिला आहे. आपल्याकडे दंतहीनाला चहा-बिस्कीट दिले जाते! कवळीची चर्वणशक्ती नैसर्गिक दातांच्या मानाने पुष्कळच कमी, साधारण चौथा-पाचवा हिस्सा. हे आरंभीच सांगावे. पहिला आठवडा पेज, मऊ भात, मुगाचे वरण, शिजलेला भोपळा. मुळशीचा आंबेमोहोर यासाठी उत्तम, मऊ व लघु. नंतर लहान घास, दोन्ही बाजूंनी सारखे चर्वण. एका बाजूने चावल्यास दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी तोडून खाणे टाळावे. भाकरी ताजी, गरम व दुधात वा आमटीत भिजवून, मात्र पुढे हळूहळू कोरड्या घासाकडे. शेंगदाणे कूट करून, पालेभाजी बारीक चिरून, मांसाहारी असल्यास रस व खिमा. दात गेले म्हणून डाळ, भाजी व फळे सुटली तर मलावष्टंभ आणि मांसक्षय ठरलेलेच. ऊस दाताने सोलून खाण्याचा मोह या गावात स्वाभाविक आहे. त्याला रस द्यावा.

ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात बाहेरच्या जिल्ह्यांतून मजूर कुटुंबे येतात, त्यांच्याबरोबर वृद्ध आई-वडीलही असतात. कवळीच्या पाच-सहा फेऱ्या आणि त्यानंतरची दुरुस्ती हे सारे हंगाम संपण्याआधी पुरे होणार नसेल, तर येथे काम सुरू न करता त्यांच्या गावाजवळच्या दंत महाविद्यालयाचा पत्ता लिहून द्यावा. अर्धवट घासलेली कवळी घेऊन गेलेला रुग्ण ती पुन्हा घालीत नाही. प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या नोंदपत्रकावर आम्ही आता चार ओळी वाढविल्या आहेत: शिल्लक दातांची संख्या, कवळी केल्याचे वर्ष, जेवताना घालतो की नाही, रात्री काढतो की नाही. मिश्री-तंबाखूची नोंद त्याखालीच होते, आणि व्रण असल्यास तो प्रथम पाहिल्याचा दिनांक तांबड्या शाईने लिहिला जातो.